डिंगेल यांच्या तीस विजयांचा हिशेब

डिसेंबर 1955 मध्ये मिशिगनमधील एका पोटनिवडणुकीतून जॉन डिंगेल अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात पोहोचले. वडिलांच्या निधनाने रिकामी झालेली जागा होती आणि मुलाचे वय होते 29. त्यानंतर 2012 पर्यंत दर दोन वर्षांनी मतदारांनी त्यांनाच पाठवले. पोटनिवडणूक धरून तीस विजय आणि 59 वर्षांहून अधिक सदस्यत्व! अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासात इतका काळ दुसरे कोणीही टिकलेले नाही. ते निवृत्त झाल्यावर जागा पत्नी डेबी डिंगेल यांच्याकडे गेली. वडील 1933 पासून सभागृहात होते, हे लक्षात घेतले की या कारकिर्दीवरचा आक्षेप आपोआप उभा राहतो.

कार्यकाळाला कायद्याने मर्यादा घाला म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा आहे. पुन्हा उभे राहणाऱ्या प्रतिनिधींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण बहुतेक निवडणुकांत निवडून येतात. देणग्या पदावरच्या माणसाकडे वळतात आणि मतपत्रिकेवर ओळखीचे नाव दिसले की मतदार तिथेच खूण करतो. तेव्हा हे तीस वेगवेगळे कौल नव्हेत. 1955 चाच कौल पुढे सवयीने गिरवला गेला.

यातली निरीक्षणे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. विजयांची नुसती बेरीज काही सिद्ध करत नाही, हे मान्यच. पण म्हणूनच ज्या निवडणुकांत डिंगेल हरू शकत होते, त्या वेगळ्या काढून पाहायला हव्यात.

पहिली 1964 ची. मतदारसंघांची लोकसंख्या सारखी हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिला आणि मिशिगनच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. डिंगेल आणि जॉन लेसिन्स्की हे दोघे डेमोक्रॅट खासदार एकाच मतदारसंघात आले. लेसिन्स्कीही वडिलांच्या मागून आलेले, आणि नव्या मतदारसंघाचा सोळावा हा क्रमांकही त्यांच्याच जुन्या मतदारसंघाचा. त्या वर्षीच्या नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने डिंगेल यांनी मत दिले होते, लेसिन्स्कींनी विरोधात. त्या पट्ट्यातल्या डिअरबॉर्नमध्ये वर्णविभाजनाचा उघड पुरस्कार करणारे महापौर ऑर्व्हिल हबर्ड पुन्हा पुन्हा निवडून येत होते. अशा ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी दिलेले मत म्हणजे राजकीय आत्मघात, असे कोणीही म्हणाले असते. सप्टेंबरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, डिंगेल जिंकले. त्याला सवयीचे मतदान म्हणायचे असेल, तर लोकांनी सवय असलेल्या लेसिन्स्कींना का नाकारले, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

दुसरी 2002 ची. जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी झाली होती आणि सीमा आखणाऱ्या रिपब्लिकन विधिमंडळाने डिंगेल यांना ॲन आर्बरच्या खासदार लिन रिव्हर्स यांच्यासमोर उभे केले. बंदूक आणि गर्भपात या प्रश्नांवर रिव्हर्स पक्षाच्या तरुण, शहरी मतदाराला अधिक जवळच्या होत्या. डिंगेल तर एके काळी नॅशनल रायफल असोसिएशनच्या संचालक मंडळावर होते. शहात्तर वर्षांच्या डिंगेल यांना पक्षातल्याच मतदारांपुढे प्रत्येक मुद्द्याचा जाब द्यावा लागला. सुमारे 59 टक्के मते घेऊन ते जिंकले.

पदावरच्या माणसाला मतदार हरवूच शकत नाहीत, हा समज तर 1994 नेच पुसून टाकला आहे. त्या रिपब्लिकन लाटेत सभापती टॉम फोली पडले आणि 42 वर्षे सभागृहात असलेले टेक्ससचे जॅक ब्रुक्सही पडले. डिंगेल वाचले. फोलींना हरवणारे जॉर्ज नेदरकट यांनी तीनच कार्यकाळ राहण्याचे वचन देऊन मते मागितली होती. 2000 साली वचन मोडून ते चौथ्यांदा उभे राहिले, आणि मतदारांनी त्यांना निवडूनही दिले. कार्यकाळमर्यादा लोकांना तत्त्व म्हणून आवडते, पण समोरचा माणूस नकोसा झाला नसेल तर ते तिच्यासाठी त्याला घालवत नाहीत. मिशिगननेही 1992 मध्ये हेच केले. काँग्रेसच्या सदस्यांवर मर्यादा घालणारा प्रस्ताव त्या राज्याने मंजूर केला आणि त्याच दिवशी डिंगेल यांनाही निवडून दिले. काँग्रेसपुरती अशी मर्यादा राज्यांना घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

म्हणून डिंगेल यांचे सारेच गोड मानायचे, असे नाही. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाची त्यांनी इतकी वर्षे पाठराखण केली की इंधनबचतीचे कडक निकष लांबत गेले. त्याची किंमत साऱ्या देशाने मोजली. हा दोष खरा आहे, आणि त्याची शिक्षाही मतांनीच झाली. 2008 च्या नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी 137 विरुद्ध 122 मतांनी ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्षपद काढून हेन्री वॅक्समन यांना दिले. याच दीर्घ मुक्कामाची दुसरी बाजूही आहे. वडिलांनी 1943 मध्ये मांडलेली राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी मुलाने नव्या काँग्रेसगणिक पुन्हा मांडली. 1965 मध्ये सभागृहात मेडिकेअर हा वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा मंजूर झाला, तेव्हा अध्यक्षस्थानी डिंगेलच होते. तीन कार्यकाळांत घरी पाठवलेल्या माणसाला असा पाठपुरावा जमला नसता.

खरा रोग आहे तो सीमा आखणाऱ्यांच्या हातात. कोणाला सुरक्षित ठेवायचे आणि कोणाला कोणाशी झुंजवायचे, हे राज्याच्या विधिमंडळातला बहुमतवाला पक्ष ठरवत असेल, तर कार्यकाळ बारा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, मतदाराच्या हाती फारसे उरत नाही. मिशिगनच्या लोकांनी 2018 मध्ये नेमके यावर बोट ठेवले. त्यांनी जनमताने स्वतंत्र नागरिक आयोग आणला आणि मतदारसंघ आखण्याचे काम राजकारण्यांकडून काढून घेतले. या आयोगाच्या नकाशावर पहिली निवडणूक 2022 मध्ये झाली, तेव्हा डेबी डिंगेल यांना डिअरबॉर्न सोडून ॲन आर्बरला राहायला जावे लागले आणि नव्या सहाव्या मतदारसंघात मते मागावी लागली. त्या जिंकल्या.