शुगरचे डोळे, खानदानी डोळे

आमच्याकडे कुणाचे डोळे गेले की कारण एका वाक्यात मिळतं. माणूस चाळिशीच्या पुढचा असेल तर ‘शुगरनं गेले’, आणि घरात आधी कुणाला दिसत नसेल तर ‘खानदानी आहे’. वाक्य ऐकलं की समोरचा मान हलवतो, चहा येतो, विषय संपतो. मित्रांनो, मला या दोन वाक्यांशीच भांडायचंय. कारण एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि तेव्हा एक वाक्य दुसऱ्याला गिळून टाकतं.

आधी खानदानी डोळे बघू. या गटातला सगळ्यात माहितीतला आजार म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, सगळे आर.पी. म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावर कमी उजेडात बघणाऱ्या दंडपेशी असतात (कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ‘रॉड्स’ म्हणून पाठ केल्या होत्या, मराठी नाव मला इथे येऊन कळलं). आर.पी.त त्या पेशी जनुकातल्या बिघाडामुळे हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, शेवटी बोगद्यातून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त तिशीपुढच्या साधारण साडेसातशे माणसांत एकाला आर.पी. सापडला. 2012 साली ते छापून आलं. जगात हा आकडा चार हजारांत एक असा सांगतात. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 11 लाख 77 हजार होती. त्यातले चार लाख तिशीपुढचे धरून नागपूरचं प्रमाण लावलं तर पाचशेच्या वर माणसं येतात. हा सर्व्हे नाही, हॉस्टेलच्या टेबलावरचं गणित आहे, पण आकडा छोटा नाही.

आणि आपल्याकडे मामाची पोरगी करण्याची पद्धत आहेच. आई आणि वडील दोघांकडेही एकच बिघडलेलं जनुक लपून असलं तर प्रत्येक मुलामागे चारात एक अशी शक्यता येते. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. कुणाच्या पूर्वजन्माचा यात काही संबंध नाही.

शुगरचे डोळे वेगळे. तिथे बिघाड पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचा. त्या गळतात, बंद पडतात. मग ऑक्सिजन कमी पडलेला पडदा मदतीसाठी ओरडतो, म्हणजे एक रसायन सोडतो, आणि त्याने नव्या पण कच्च्या वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. त्रास असा की बराच काळ माणसाला काहीच जाणवत नाही, नजर एकदम छान असते. 2011 च्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत 8.4 टक्के लोकांना मधुमेह होता. 2023 साली देशाचा आकडा 10.1 कोटी आला.

आता गंमत बघा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पूर्वीपासून लक्षात आलं होतं की आर.पी. असलेल्या माणसाला शुगर झाली तरी त्याच्या पडद्याला शुगरचा मोठा त्रास सहसा होत नाही. लंडनच्या जेफ्री आर्डन यांनी शुगर असलेल्या आर.पी.च्या पेशंट्सची चौकशी केली आणि 2001 मध्ये त्यावर लिहिलं. त्यांचं स्पष्टीकरण कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याला पटेल. दंडपेशी अंधारात स्वस्थ बसत नाहीत, उलट जास्त राबतात. अंधारात त्यांची दारं उघडी असतात, सोडियम आत येत राहतो आणि पंप तो सतत बाहेर फेकत राहतात. उजेड पडला की दारं बंद, लोड कमी. म्हणजे आपल्या शेतीपंपासारखंच, रात्रीची लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू! शुगरने आधीच सप्लाय खराब झालेला, त्यात रात्रीचा हा लोड, मग ऑक्सिजन पुरणार कसा? आर.पी.त दंडपेशीच मेलेल्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर तोच पण अर्ध्या गावाने मोटारी काढून ठेवलेल्या. पुढे 2006 मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. ज्यांच्या पडद्याच्या या पेशी जन्मतःच खराब होत्या, त्यांना शुगर देऊनही बारीक रक्तवाहिन्यांचं नेहमीसारखं नुकसान झालं नाही.

शुगरच्या डोळ्याला लेझर मारतात, त्याचंही कारण बरंच यातच आहे. पडद्याच्या कडेला हजारभर ठिपके जाळतात. तिथल्या पेशी मेल्या की ऑक्सिजनची मागणी घटते आणि मधली नजर वाचते. थोडक्यात, डॉक्टर मुद्दाम कडेपुरता छोटासा आर.पी. करून ठेवतात. म्हणून तर लेझरनंतर काहींना रात्रीचं कमी दिसतं. 1976 साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत या उपायाने गंभीर अंधत्व निम्म्याहून कमी होतं असं दिसलं होतं. (आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोचं लेझर येणार म्हणून आपण सगळे खूश आहोत, 2023 मध्ये मंजुरीही मिळाली. मीही खूश आहे. पण लेझर म्हटलं की गावाकडच्या म्हाताऱ्याला आठवतो तो हा.)

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की जाळण्याऐवजी रात्रभर डोळ्यावर मंद हिरवा उजेड दिला तर? दंडपेशी झोपतील, ऑक्सिजन वाचेल. आयडिया एक नंबर! इंग्लंडमध्ये 308 पेशंट्सना दोन वर्षं घेऊन तपासली, निम्म्यांना उजेडाचा मास्क, निम्म्यांना बिनउजेडाचा. 2018 मध्ये निकाल आला: फायदा नाही. पुष्कळांनी मास्क नियमित लावलाच नाही, हेही दिसलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. सर्किट डायग्राम कागदावर कितीही सुंदर असो, माणसाच्या डोळ्यावर ते चालेलच असं नाही.

आणि इथेच माझं खरं भांडण सुरू होतं. ‘आर.पी.वाल्याला शुगरचा त्रास कमी’ हे वाक्य अर्धवट शिकलेल्याच्या हातात पडलं की त्याचं ‘आर.पी.वाल्याचा पडदा तपासायची गरज नाही’ होतं. माझ्या मामांना आर.पी. आहे. वसमतकडे हळदीचं रान आहे. दिवेलागणीनंतर मामा अंगणातही भिंतीला हात लावून चालतात, रात्रीचं पाणी द्यायला मामी जाते. पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. जिथे तपासलं तिथे कार्डावर ‘डोळे’ या रकान्यात सरळ रेघ मारली. ‘ह्यांचे डोळे तसेही गेलेलेच की.’ दीड वर्षं कुणी आत डोकावलं नाही. मधलं उरलेलं पण धूसर व्हायला लागलं तर घरात सगळे म्हणाले, आता शुगरनं राहिलेलंही नेलं.

नांदेडला नेलं तेव्हा कळलं की शुगरच्या खुणा नगण्यच होत्या. होता तो मोतीबिंदू, आणि पडद्याच्या मधोमध थोडी सूज. सूज शुगरनेही येते आणि आर.पी.नेही येते, पण उपाय एक नाही. शुगरची असेल तर बहुतेक वेळा डोळ्यात इंजेक्शनं, आर.पी.ची असेल तर थेंब किंवा गोळ्या. मामांना थेंब दिले, मोतीबिंदू काढला. बोगदा तेवढाच राहिला, पण बोगद्यातून आता सातबारावरचे आकडे वाचता येतात. ज्याच्याकडे एवढंच उरलंय त्याला ते किती, हे आपल्याला नाही कळायचं.

उलट बाजूही आहेच. आर.पी. असूनही शुगरचा पडद्याचा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. ‘सहसा नाही’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे, विशेषतः आजार सुरुवातीचा असेल आणि बऱ्याच पेशी अजून जिवंत असतील तेव्हा. शिवाय काही घरांत शुगर आणि पडदा दोन्ही एकाच मुळातून बिघडतात. आईकडून येणारा एक बिघाड असा आहे, की त्यात शुगर, कमी ऐकू येणं आणि पडद्याच्या मधल्या भागाचा त्रास बरोबरीने येतात. तिथे ‘शुगरनं’ की ‘खानदानी’ हा प्रश्नच फसवा.

लोक म्हणतात, खानदानी आजाराला औषध नाही तर नाव कळून उपयोग काय? आर.पी.च्या एका प्रकारावर (आरपीई65 जनुकाचा) 2017 मध्ये अमेरिकेत जनुकोपचार मंजूर झाला, दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. मामांना याचा उपयोग नाही, मान्य. पण नाव कळलं म्हणूनच बाकीचं वेगळं काढता आलं ना?

कॉम्प्युटरवाल्या मित्रांना एक सांगायचंय. पडद्याचा फोटो बघून शुगरचा आजार ओळखणारा प्रोग्राम गुगलने 2016 मध्ये दाखवला, त्याला शिकवायला भारतातल्या हॉस्पिटल्सचे फोटोही वापरले होते. असल्या मशीनला आपण विचारतो, शुगरच्या खुणा आहेत का? मामांच्या फोटोवर ते ‘नाही’ म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण पुढे कुणी काही विचारलंच नाही तर मामा ‘नॉर्मल’ म्हणून घरी! फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या.

एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये आपण बोट टोचून शुगर बघतो, बीपी बघतो, केळी वाटतो आणि फोटो काढतो. हिंगोलीत 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. त्यांच्याकडून डोळ्यांचं कुणी एक दिवस मिळतं का, हे सरांनी विचारावं अशी माझी विनंती आहे. तोवर आपल्या फॉर्मवर तीन प्रश्न वाढवता येतील: अंधार पडल्यावर अडखळता का, आई-वडील नात्यातले आहेत का, आणि शुगर असेल तर पडदा शेवटचा कधी तपासला. फॉर्म मी टाईप करून मेसच्या नोटीस बोर्डला लावलाय. त्यातलं शुद्धलेखन कुणीतरी मराठी मीडियमवाल्याने बघून द्या, प्लीज.