तोंड उघडून पाहण्याचे अगत्य

देहातील बहुतेक अवयवांचे विकार शोधण्यास यंत्रे लागतात. तोंडाच्या पोकळीस मात्र उजेड आणि जाणता डोळा एवढे पुरते. असे असूनही भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे, आणि पुष्कळसे रोगी उपचारास येतात ते रोग बळावल्यावर. हा विलंब टाळता येण्याजोगा आहे. म्हणूनच तो अक्षम्य होय.

म्हैसूर विड्याच्या पानांसाठी नावाजलेले आहे. तेथील कुवेंपुनगरात काय किंवा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात काय, विडा हे आतिथ्याचे चिन्ह आहे. दोष पानाचा नव्हे. तो तंबाखूचा आणि सुपारीचा. तंबाखूविरहित विडाही सुपारीमुळे कर्करोगकारक ठरतो, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. घशाच्या व स्वरयंत्राच्या कर्करोगास धूम्रपान आणि मद्यपान विशेष कारणीभूत होतात.

तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा तांबडा चट्टा, टिकून राहिलेला घोगरेपणा, गिळताना होणारा अडथळा किंवा मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही. वेदना नाही म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरते.

तिरुवनंतपुरम येथे प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २००५ साली दिसून आले. व्यसन नसलेल्यांत तसा लाभ आढळला नाही. शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीची तरतूद केली; परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत अशी तपासणी झालेले लोक शंभरांत एकदोनच निघाले. यास्तव मनुष्यबळ तोकडे असेल तेथे व्यसन असणाऱ्यांची तोंडे प्रथम तपासावीत, आणि त्यांनी येण्याची वाट न पाहता त्यांच्या दाराशी जावे.

उपचाराची व्याप्तीही शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. स्वरयंत्र गमावलेल्यास पुन्हा बोलावयास शिकविता येते; १९६५ साली म्हैसुरात स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था अशाच वाक्-शास्त्राला वाहिलेली आहे. ज्याचे प्राण वाचविले त्याला वाचाही परत मिळावी, हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे. परंतु वाचा जाण्यापूर्वीच रोग गाठणे अधिक श्रेयस्कर, आणि त्यास क्षणभर तोंड उघडून पाहण्याहून अधिक खर्च नाही.