खात्री हा पुरावा नव्हे

मुंबईत मालाडमध्ये २६ जुलै २००५च्या पुराचा विषय काढून बघा. लिंक रोडवर पाणी कुठवर होतं, सबवेपाशी कोण अडकलं, बंद पडलेल्या लोकलमधून उतरून रुळांवरून कोण चालत आलं, सगळं घडाघडा ऐकायला मिळेल. शेवटचं वाक्य ठरलेलं: "अगदी काल घडल्यासारखं आठवतंय!" माझं भांडण या वाक्याशी आहे, प्रसंगाशी नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. तिला कुणाच्या आठवणीचा टेकू लागत नाही.

पण "त्याच रात्री टीव्हीवर बघितलं, लोक बसच्या टपावर बसले होते" असं कुणी सांगितलं, तर हळूच विचारावं, तुमच्याकडे लाइट होती का? उपनगरांत कितीतरी भागांतली वीज त्या रात्री गेलेली होती. ती आल्यावर दृश्यं पाहिली आणि ती मनात जाऊन चिकटली त्या रात्रीला. सांगणारा थापा मारत नाही. त्याला फक्त काय पाहिलं ते आठवतंय, कधी आणि कुठे पाहिलं ते सुटलंय. १९९२ साली ॲमस्टरडॅमला एक मालवाहू विमान इमारतीवर कोसळलं. धडकेचं चित्रण कुणीच केलेलं नव्हतं. तरी नंतर मानसशास्त्रज्ञांनी विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी ते टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, हे किरकोळ गोष्टींचं झालं. मोठा धक्का मात्र मनावर कोरला जातो. या म्हणण्याला शास्त्राचाही आधार होता. ब्राउन आणि कुलिक यांनी १९७७ साली अशा स्मृतींना 'फ्लॅशबल्ब' आठवणी म्हटलं. पण केनेडींच्या हत्येची बातमी कशी कळली हे लोक किती तपशीलवार सांगतात, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तो तपशील खरा की खोटा, हे ताडून बघायला त्यांच्या हाती काहीच नव्हतं. ती सोय नायसर आणि हार्श यांनी केली. १९८६ साली चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कळल्याची हकीकत लिहून घेतली आणि सुमारे अडीच वर्षांनी तीच पुन्हा विचारली. बऱ्याच जणांची हकीकत पार बदललेली. खात्री मात्र ठाम. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही मूळची आठवण परतली नाही. पुढे टॅलेरिको आणि रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ रोजी असाच प्रयोग सुरू केला. न्यूयॉर्कच्या हल्ल्याची आठवण रोजच्या साध्या आठवणीइतकीच झिजली. फरक एवढाच, की हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास झिजला नाही.

ही सारी चर्चा पुस्तकी वाटत असेल, तर पुण्यातला जून २००८चा निकाल आठवा. एका खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. इतर पुरावे होते. पण निकालात एका मेंदूचाचणीलाही वजन मिळालं. आरोपी तरुणीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवली. तिने तोंड उघडायचं नव्हतं. गोष्ट प्रत्यक्ष अनुभवलेली की नुसती ऐकलेली, हे यंत्र ओळखतं असा दावा होता. जो फरक माणसाला स्वतःच्या डोक्यात धड करता येत नाही, तो यंत्र करणार! आणि पोलीस कोठडीत तेच तेच प्रश्न ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय शिरलेलं असतं, त्याचं काय? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत पुराव्यादाखल वापरू नये असा अभिप्राय दिला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी अशा चाचण्या कुणावरही जबरदस्तीने करायला मनाई केली.

म्हणून उलट्या टोकाला जाऊन "आठवण म्हणजे निव्वळ थाप" म्हणणाऱ्यांचंही मी ऐकणार नाही. पाणी घरात शिरलं होतं, रात्र जागून काढली होती, हा गाभा सहसा टिकतो. डळमळतात ते तपशील. आणि मनाची ही घडण काही कामाचीही आहे. २००७ साली लंडनच्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारखी नवी दृश्यं कल्पायला सांगितलं. बहुतेकांना ती एकसंध उभीच करता येईनात. मागचं जुळवायला आणि पुढचं कल्पायला बऱ्याच अंशी एकच यंत्रणा राबते, असं त्यातून दिसतं. तळमजल्यावरची बाई जूनमध्येच फ्रिज स्टँडवर चढवते आणि कागदपत्रं माळ्यावर टाकते, ती पूर्वीच्या पुराचे तुकडे येत्या पुरात बसवूनच.

तेव्हा आठवणीला विचारायचं जरूर, पण लवकर, आणि उत्तर तोंडात न घालता. आपल्या कायद्याला हे अजिबात नवं नाही. १८७२च्या पुरावा कायद्यातलं कलम १५९ साक्षीदाराला घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहिलेलं टिपण पाहून स्मृती ताजी करू देत होतं. विसरण्याचा आलेख मांडणारं एबिंगहाऊसचं पुस्तक आलं त्यानंतर तेरा वर्षांनी. पण पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीही नसते आणि खटला उभा राहतो वर्षानुवर्षांनी. दृकश्राव्य नोंदीची मुभा कायद्यात आली आहे. ती प्रत्येक गंभीर गुन्ह्यात, पहिल्याच दिवशी, सक्तीची करा. मग "साहेब, मला पक्कं आठवतंय" हे त्या पहिल्या दिवसाच्या नोंदीशी लावून बघता येईल.