माहितीचा अधिकार : उत्तर एकाचे की सर्वांचे?

१२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार कायदा पूर्णांशाने लागू झाला. त्यास आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. दहा रुपये शुल्क भरून आणि कारण न सांगता सरकारी दप्तरातील माहिती मागण्याचा हक्क या कायद्याने सामान्य नागरिकास दिला. रस्ता, पाणीपुरवठा, शिधावाटप, जमिनीची मोजणी अशा प्रश्नांसाठी आपले भाविकही या कायद्याचा आधार घेतात. परंतु मिळालेल्या उत्तराचे पुढे काय होते? बहुधा ते अर्जदाराच्या कपाटात पडून राहते. शेजारच्या आळीतील माणूस तोच प्रश्न घेऊन त्याच कचेरीत जातो आणि पुन्हा तीस दिवस वाट पाहतो. एकाला मिळालेली माहिती सर्वांची कशी व्हावी, हा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

या कायद्याचे मूळच मुळी सामुदायिक वाचनात आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची कागदपत्रे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आली. अशा जनसुनावण्यांतून कामावर कधीही न गेलेल्यांची नावे हजेरीपटावर आढळली आणि अपुरी कामे कागदोपत्री पूर्ण झालेली दिसली. कचेरीत तो कागद बिनचूक होता. ज्यांची नावे त्यावर होती त्यांच्या कानी तो पडला, तेव्हा त्यातील खोटेपणा उघड झाला.

हेच तत्त्व पुढे कायद्यात आले. कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी भासावी, हा त्यामागील हेतू. १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान शासनाने सुरू केलेले ‘जन सूचना पोर्टल’ याच कलमावर आधारलेले आहे. शिधा, निवृत्तिवेतन आदी योजनांची गावनिहाय माहिती तेथे अर्जाविना पाहता येते.

इंग्लंडमध्ये वेगळा मार्ग चोखाळला गेला. ‘मायसोसायटी’ या संस्थेने २००८ साली ‘व्हॉट डू दे नो’ हे संकेतस्थळ सुरू केले. नागरिक तेथून सरकारी कार्यालयास प्रश्न पाठवतो; प्रश्न आणि आलेले उत्तर दोन्ही तेथे सर्वांना वाचता येतात. त्यामुळे दुसऱ्या कोणी तेच विचारण्यापूर्वी उत्तर आधीच आले आहे का, हे पाहू शकतो. ही यंत्रणा पुढे इतर अनेक देशांनी स्वीकारली.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करता येतो आणि महाराष्ट्र शासनानेही तशी सोय केली आहे. परंतु तेथील उत्तर अर्जदारापुरतेच राहते. अर्ज आणि त्यांची उत्तरे कार्यालयांनी आपापल्या संकेतस्थळांवर शोधता येतील अशा रीतीने ठेवावीत, अशी सूचना केंद्राच्या कार्मिक विभागाने एप्रिल २०१३ मध्येच केली होती. व्यक्तिगत स्वरूपाचे अर्ज त्यातून वगळले होते. ती सूचना मनापासून पाळली गेली असती, तर कित्येकांचे हेलपाटे वाचले असते.

माहिती सर्वांसमोर असण्यात अर्जदाराचे संरक्षणही आहे. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उघड करणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. माहिती एकाच माणसाच्या हाती असली, की त्याला गप्प केल्याने ती दडपता येईल असे गुन्हेगारास वाटते. म्हणूनच २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाने ठराव केला, की अर्जदारावर हल्ला झाल्यास त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याने संकेतस्थळावर जाहीर करावी, असा आदेश देण्यात येईल.

याचा अर्थ सर्व काही चव्हाट्यावर मांडावे असा नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने एका अर्जाचे उत्तर देताना चुकून आपल्या ९,४८३ कर्मचाऱ्यांचा तपशील पाठवला आणि तो त्याच इंग्रजी संकेतस्थळावर काही तास सर्वांना दिसत राहिला. जेथे पोलिसांच्या जिवाला आजही धोका आहे, तेथे ही चूक किती गंभीर होती हे सांगावयास नको. शेजाऱ्याच्या खाजगी जीवनाची आब राखणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे.

परंतु खाजगीपणाच्या नावाखाली सार्वजनिक व्यवहार झाकले जाऊ नयेत. पूर्वीच्या कलम ८(१)(ञ) नुसार, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली वा खाजगीपणावर अकारण आक्रमण करणारी व्यक्तिगत माहितीच नाकारता येत असे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला आहे. आता माहिती ‘व्यक्तिगत’ आहे एवढे कारण नकारासाठी पुरेसे ठरू शकते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधील तरतूद शिल्लक आहे. पण तिचा आग्रह आता नागरिकालाच धरावा लागेल. हजेरीपटावर माणसांची नावेच असतात. नावे झाकलेला हजेरीपट कोट किरानाच्या मजुरांना काय सांगू शकला असता? सार्वजनिक पैशाचा हिशोब नावांवाचून तपासता येत नाही, हे आपण विसरता कामा नये.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात सार्वजनिक घडामोडींची खरी माहिती मिळण्याचा मानवाचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कमाध्यमांविषयीच्या आपल्या दस्तऐवजात या हक्काचा पुरस्कार केला आणि माहिती देताना सत्य, न्याय व प्रेम यांचे भान राखावे असेही सुचवले. दिवा लावून तो भांड्याखाली ठेवू नये, हा प्रभू येशूचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

प्रत्येक धर्मग्रामात संगणक जाणणारी तरुण मंडळी आहेत आणि गावची जुनी कामे, सीमा, विहिरी ठाऊक असलेली वडीलधारी माणसेही आहेत. दोघांनी एकत्र बसावे. परिसरातील भाविकांना मिळालेली सार्वजनिक कामांविषयीची उत्तरे जमवावीत. कार्यालयाचे नाव, अर्जाचा दिनांक व विषय लिहून त्यांची सूची करावी. पत्ते, दूरध्वनी क्रमांक, आजारपणाचा तपशील झाकूनच प्रत इतरांना द्यावी. अर्धे पान व्हॉट्सॲपवर फिरवू नये. संपूर्ण उत्तर द्यावे, अन्यथा अफवेलाच खतपाणी मिळते. आणि ते ग्रामसभेत वाचले जावे, कारण संकेतस्थळावर ठेवलेला कागदही जाणत्याने वाचल्याखेरीज मुकाच राहतो.

एक गोष्ट स्वतःलाही सांगितली पाहिजे. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या खाजगी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला आहे. अनुदानावर चालणाऱ्या आपल्या शाळांनाही तो विचारात घ्यावाच लागेल. तेथे कोणी अर्ज घेऊन आला तर त्याच्याकडे संशयाने पाहू नये. सरकारी कचेरीत आपल्याला जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच आपण त्याला द्यावी.