लेकरांहून अब्रू मोठी काय?

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले, की आपल्या धर्मग्रामांत गुणगौरव समारंभांची लगबग सुरू होते. नव्वद टक्क्यांवरच्या मुलांची छायाचित्रे फलकांवर झळकतात, शाली-श्रीफळे आणली जातात, पाहुण्यांची नावे ठरतात. त्याच दिवसांत त्याच गावातील काही घरांची दारे मात्र लोटलेली असतात. आतला मुलगा जेवत नाही, मुलगी रात्रभर जागी असते आणि आईवडील शेजाऱ्यांना सांगतात, “पोर मामाकडे गेलंय.” फलकांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हांला या लोटलेल्या दारांविषयी बोलायचे आहे, आणि थोडे कठोरपणे बोलायचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले. म्हणजे दिवसाला ३५ हून अधिक. त्यांतील १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्राचे होते, आणि कोणत्याही राज्याचा आकडा याहून मोठा नव्हता. असे मरण एकाच कारणाने ओढवत नाही. परीक्षा, घरातला कलह, दारू, प्रेमातला अपेक्षाभंग, कोणी केलेला अत्याचार, मनाचा आजार, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. परंतु या साऱ्यांना जोडणारी एक गोष्ट आपल्या हातातली आहे, ती म्हणजे आपले मौन. मुलाने बोलू नये, बोललाच तर आपण ऐकू नये, आणि ऐकलेच तर डॉक्टरकडे नेऊ नये, अशी सोय आपण करून ठेवली आहे. तिच्या समर्थनार्थ ज्या सबबी पुढे केल्या जातात, त्या एकेक करून तपासू या.

पहिली सबब भक्तीचा वेष घालून येते. “प्रार्थना कमी पडली. मुलगा मिस्साला नियमित येत नव्हता. नोव्हेना करा, मन शांत होईल.” असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की पोराला विषमज्वर झाला तर तुम्ही काय करता? आधी डॉक्टर गाठता आणि मग गुडघे टेकता. तेथे औषध आणि प्रार्थना यांत तुम्हांला विरोध दिसत नाही. मग मनाच्या तापालाच वेगळा न्याय का? वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, ही शिकवण बेनसिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे. आपले पूर्वज ती वाचत आले आहेत.

याहून मोठा दाखला एलिया संदेष्ट्याचा आहे. कार्मेल डोंगरावर विजय मिळवणारा हा देवाचा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने स्वतःसाठी मरण मागितले. राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहा. ‘तुझी श्रद्धा कोठे गेली?’ असे देवदूताने त्याला दरडावले नाही. त्याने त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. पुढे होरेब डोंगरावर देवाने त्याच्याकडे काम सोपवले आणि अलीशा हा सोबती दाखवला. खचलेल्या माणसाशी परमेश्वर असा वागला. आपण मात्र खचलेल्या पोराला आधी प्रवचन देतो.

दुसरी सबब अब्रूची. “लोक काय म्हणतील? उद्या मुलीचे लग्न कसे जमेल?” यावर इंग्लंडमधील एक हकिगत सांगण्यासारखी आहे. १९३५ साली लिंकन या शहरात चॅड वाराह नावाच्या एका तरुण अँग्लिकन धर्मगुरूला एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला मासिक पाळी सुरू झाली होती. आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला, अशी तिची समजूत झाली. विचारणार कोणाला? त्या एका गैरसमजापायी तिने जीव दिला. ती अब्रूदार समाजातलीच मुलगी होती. तिच्याशी मोकळेपणाने बोलणारे मात्र कोणी नव्हते. पुढे १९५३ साली वाराह यांनी लंडनमधील आपल्या चर्चमध्ये खचलेल्या माणसांसाठी एक दूरध्वनी सुरू केला. त्यांना भेटण्यासाठी ताटकळणाऱ्या लोकांशी काही साधे स्वयंसेवक चहा घेत बोलत बसत. त्या बोलण्यानेच पुष्कळांचे ओझे हलके होते, असे वाराह यांच्या ध्यानात आले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. ऐकून घेण्यासाठी पदवी लागत नाही. वेळ लागतो आणि जीभ आवरावी लागते. हे दोन्ही आपल्या प्रत्येक घरात मिळण्यासारखे आहे.

तिसरी सबब भीतीची. “पोलिसांचे लचांड मागे लागेल. चर्च अंत्यविधीही करणार नाही.” या दोन्ही समजुती जुन्या झाल्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार द्यावेत, असे तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलमच उरलेले नाही.

ख्रिस्तसभेविषयी बोलायचे तर १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्यास धार्मिक अंत्यविधी नाकारलेला होता, हे खरे. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध राहिलेला नाही. जीवन हे देवाचे दान आहे आणि ते संपवण्याचा अधिकार माणसाला नाही, ही शिकवण आजही ढळलेली नाही, ढळणारही नाही. परंतु गंभीर मानसिक व्यथा, वेदना वा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे १९९२ च्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. असे असता मयताच्या अंगणात उभे राहून ‘हा नरकात गेला’ असा निवाडा देणाऱ्या काका-मावश्यांना तो अधिकार कोणी दिला? त्यांचे शब्द मेलेल्याला लागत नाहीत. बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या खचलेल्या पोराला ते लागतात, आणि ते पोर कायमचे तोंड मिटून घेते.

चौथी सबब आमच्या पिढीची लाडकी आहे. “आमच्या वेळी नव्हते हो असले ताण!” होते. तेव्हाही घराघरांत कोणी ‘वेडसर’ म्हणून माळ्यावर कोंडलेला होता, कोणाचे नाव रोझरीच्या वेळीही घेतले जात नव्हते. फरक इतकाच, की त्या वेळी वाडीत आजी होती, ओटा होता, संध्याकाळी बावीवर गप्पा होत्या. नापास मुलाला शेतात नाहीतर गवंड्याच्या हाताखाली जागा होती. आज ओटे बंदिस्त झाले, जमिनी विकल्या गेल्या, आईबाप सकाळच्या लोकलने जातात ते रात्री परततात आणि मुलगा खोलीत मोबाइलसमोर एकटा असतो. जुने आधार काढून घ्यायचे आणि जुन्या कणखरपणाची अपेक्षा करायची, हा न्याय नव्हे.

मग करायचे काय? उपदेशापेक्षा व्यवस्था अधिक उपयोगी पडते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची परीक्षा लगेच पुन्हा घेतली, तर त्यांचे वर्ष वाचते आणि जीवही वाचू शकतात, हे तामिळनाडूने दाखवून दिले. चेन्नईत १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. महाराष्ट्रातही आता पुरवणी परीक्षा आहे. आपल्या धर्मग्रामाने तिचा अर्ज भरायला मदत करावी, शिकवणीला शिक्षक द्यावेत आणि दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण होणाऱ्याचाही त्याच व्यासपीठावर सत्कार करावा. ते जमणार नसेल, तर टक्केवारीचे फलक लावणे तरी बंद करावे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. पालकसभेत केवळ शुल्काविषयी भांडणाऱ्या पालकांनी हा प्रश्नही विचारावा, आणि आमच्या कॅथलिक शाळांना तो सर्वांत आधी विचारावा.

घरात करण्याजोगे आणखी सोपे आहे. मूल अचानक अबोल झाले, झोप-जेवण सुटले, आवडत्या वस्तू वाटू लागले, ‘माझा तुम्हांला भारच आहे’ असे म्हणू लागले, तर त्याला जवळ बसवून सरळ विचारावे, “जीव नकोसा झालाय का?” विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खोटी आहे, विचारल्याने मूल बोलते होते. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नये, त्याला एकटे सोडू नये, शेतीची कीटकनाशके आणि औषधांच्या गोळ्या कुलपाआड ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या सूचनाफलकावर मिस्साच्या वेळापत्रकाशेजारी असावा, असा आमचा आग्रह आहे.

हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मेंढरे मागे ठेवणाऱ्या मेंढपाळाचे आपण अनुयायी म्हणवतो. आपले समारंभ मात्र नव्याण्णवांचेच चालतात. यंदा निकालाच्या दिवशी पेढे घेऊन जाणारे पुष्कळ असतील. वाचकहो, ज्या घरी पेढे नाहीत, त्या घरी आपण जाऊ या. आणि गेल्यावर टक्के विचारू नका, पोर जेवले का ते विचारा.