पिशवी गेली, हाडांचं काय?

माझं मनगट मोडलं त्याला आता सात महिने झाले. पडले तीही अंगणातच, सडा टाकताना. प्लास्टर निघाल्यावर मुलाने पुण्याला नेलं, हाडांची घनता मोजायची तपासणी केली आणि डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झाली आहेत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी यात नवल ते काय! आठवड्याला एक गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. शाळेत मुलांना उभं करायचे तशी आता मीच रोज नाही तरी दर रविवारी ताठ बसलेली असते.

असो. सांगायचं ते माझ्या मनगटाबद्दल नाही.

परवा एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. सातवीपर्यंत माझ्याकडे होती, तीही दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे महिने वगळून. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे हजेरीपत्रक सांगायला नको. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. काठी टेकत आली. पाठ वाकलेली, गुडघे सुजलेले, आणि तिच्याही डाव्या मनगटाला प्लास्टर. "बाई, नुसतं हातावर पडले तं मोडलं की," म्हणाली. मी माझा हात पुढे केला. दोघी हसलो. पण मग माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. तीस वर्षांचं अंतर असलेल्या दोन बायकांचं हाड एकाच जागी, एकाच कारणाने कसं मोडतं?

तिची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेली आहे.

आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. शब्द फार सोयीचा आहे. पिशवी म्हणजे काय, रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू! ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, आणि बाईने खाडा केला तर दंडही कोयत्यावरच बसतो. पाळीचे चार दिवस, फडाशेजारची कोपी, आडोसा नाही, पाणी नाही. अशा वेळी कोणी म्हणालं, "काढून टाका, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल," तर कर्ज काढून बाया टेबलावर झोपतात. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात हिलाही असंच सांगितलं होतं. पांढरं जातं एवढीच तक्रार होती.

हे प्रकरण २०१९ साली गाजलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं विधान परिषदेत सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पुढे खाजगी डॉक्टरांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम आला. तरीही २०२५ मध्ये पुन्हा ८४३ चा आकडा वर्तमानपत्रात वाचला. पण माझा मुद्दा पुढचा आहे. ज्यांची पिशवी काढून पंधरा-वीस वर्षं झाली, त्यांचं काय? मी वाचलेल्या बातम्यांत हा प्रश्न मला तरी फारसा दिसला नाही.

गर्भाशय आणि अंडाशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्वतःला साठीनंतर नीट कळलं. बी.ए.ला आम्हाला शरीर शिकवलं नव्हतं, आणि शाळेत तो धडा आम्ही "घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचो. अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक स्रवतं, आणि ते हाडांची राखण करतं. पाळी आपल्या वेळेला, पन्नाशीच्या आसपास गेली की हाडांची झीज वाढते. अंडाशयंही काढली, तर ही राखण एका दिवसात उठते. नुसतं गर्भाशय काढलं तरी अंडाशयं नेहमीपेक्षा लवकर थकू शकतात. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी जिची अंडाशयं गेली, तिची हाडं वीस वर्षं आधीच म्हातारपणाच्या वाटेला लागली. आणि याच हाडांवर तिने नंतर मोळ्या वाहिल्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून किती वेळा, ते मोजायला शाळेतलं गणित पुरत नाही.

मी तिला विचारलं, "अंडाशयं काढली होती का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "पिशवी काढली ना बाई." कागद? कागद कोपीत भिजून गेले.

आपल्याकडे दुखण्याला एकच नाव, वात. वास्तविक त्यात चार वेगळे आजार असतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांत साधारण १८ टक्के लोकांना हाडासांध्यांचं दुखणं निघालं. पण ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते तो खरा संधिवात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होता. तो असेल तर सकाळी बोटं तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, आणि उपचार लवकर व्हावे लागतात. गुडघ्याची झीज वेगळी. हाडांचा ठिसूळपणा तर हाड मोडेपर्यंत दुखतही नाही. पण आमच्या बाजारात सगळ्यांना एकच पुडी! अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. दोन दिवस बाई धावायला लागते, आणि हाडं आणखी पोकळ होतात.

कोणी म्हणेल, उन्हात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्वाची काय कमतरता? तर ऊन रग्गड असलेल्या अरब देशांतही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे, कारण अंगाला ऊन लागत नाही. आमची ऊसतोडीची बाई पाचटाने अंग कापू नये म्हणून साडीवर पुरुषी शर्ट आणि डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळते. उघडे काय, तर पंजे. खाणं भाकरी-चटणीचं. दूध असलंच तर चहापुरतं.

माझं म्हणणं इतकंच की, १३,८६१ हा आकडा मोजून झाला म्हणजे काम झालं असं नाही. या प्रत्येकीला बोलावून अंडाशयं आहेत की नाहीत हे बघावं, हाडांची तपासणी फुकट करावी, गोळ्या सरकारी दवाखान्यातून द्याव्यात. आणि जिची हाडं ठिसूळ निघतील तिला मोळी उचलायला लावू नये. मात्र त्यामुळे अर्धा कोयता कमी भरला तर तो तोटा कोणी सोसायचा, याचं उत्तर महामंडळ, कारखाने आणि मुकादम यांना मिळून द्यावं लागेल. तिच्या उचलीतून ते कापलं, तर एकही बाई तपासायला येणार नाही. मला विचाराल तर गाठ खरी इथेच आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. २००९ साली, माझ्या निवृत्तीच्या वर्षी, ती मला विचारायला आली होती, "बाई, पिशवी काढू का? तुम्ही शिकलेल्या." मी तेव्हा म्हणाले होते, "डॉक्टर सांगतात तर टाक काढून." दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं मी. तिला ते आठवत असेल का, हे विचारायची मला परवा हिंमत झाली नाही.

निघताना तिने माझ्या गोळ्यांची पट्टी उचलून बघितली. "बाई, मला चालतील का ह्या?" तपासल्याशिवाय द्यायच्या नसतात म्हणाले. पुढच्या मंगळवारी तिला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं ठरलं आहे. मुकादम उचलीचं बोलायला बुधवारी येणार आहे, तेव्हा मंगळवारच बरा, असं तीच म्हणाली.