टिपरवरून ट्रेलरवर

डिचोली तालुक्यातील ट्रकचालकांनी खाणींची वाट पाहत बसू नये, लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत शिरावे, हा सल्ला आता इतक्या जणांच्या तोंडून ऐकू येतो की तो प्रथम कोणी दिला हे सांगणे कठीण. मोपेला विमानतळ झाल्यापासून पेडण्यातील तरुणांनाही तो तितक्याच उदारपणे दिला जातो. सल्ला वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी भरलेला ट्रक घेऊन रात्रीचा घाट उतरला असेल. जो खाणीवर ट्रक चालवीत होता त्याला ट्रक चालविता येतो, म्हणजे तो देशात कोठेही चालविता येईल, असे या सल्ल्यात गृहीत धरलेले असते. हेच गृहीत तपासून पाहण्याची गरज आम्हांला वाटते.

खाणीवरच्या चालकाचा दिवस कसा होता हे साखळी, कुडणे, पाळी, वेळगे, मये या गावांतील कोणालाही विचारावे. पहाटे टिपर घेऊन खाणीवर जायचे, माल भरून वजनकाट्यावर लावायचा, आमोणे, न्हावेली किंवा पिळगावच्या सारमानस येथील जेटीवर ओतायचा आणि पुन्हा वर यायचे. फेरी दहा-वीस किलोमीटरांची. पुढचा प्रवास बार्जचा आणि मुरगाव बंदराचा. चालकाचा त्याच्याशी संबंध नाही. दुपारचे जेवण घरचे, झोप घरची. पावसाळ्यात खाण बंद, त्यामुळे तरव्याच्या लावणीला माणूस शेतात आणि चवथीला माटोळीखाली. मोबदला फेरीवर आणि टनावर मिळत असल्यामुळे फेऱ्या वाढविण्याची शर्यत मात्र लागे. त्या शर्यतीची किंमत खाणरस्त्यांवरील गावांनी धुळीत व अपघातांत चुकविली, हे चालकांविषयी कितीही सहानुभूती असली तरी विसरता येत नाही. फेरीमागे धावण्याची ती सवय लांब पल्ल्याच्या रस्त्यावर जितकी घातक, तितकी दुसरी कोणतीही नाही.

हा दिवस संपला कसा, याचा क्रम वाचकांना ठाऊक आहे. २०१०-११ साली गोव्यातील बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. चिनी मागणीच्या त्या वर्षांत ज्याने आयुष्यात कधी कर्ज काढले नव्हते त्यानेही दारात टिपर आणून उभा केला. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने उत्खनन थांबविले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालाने ती उठली. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा थांबल्या. त्यानंतर लिलाव झाले, डिचोलीच्या पट्ट्यात कामही सुरू झाले. तथापि पूर्वीइतके टिपर पुन्हा धावतील अशी आशा बाळगणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. राज्याच्या वार्षिक उत्खननावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली मर्यादाच दोन कोटी टनांची होती.

या साऱ्या काळात मदतीचा विचार झाला तो प्रामुख्याने ट्रकमालकाचा. २०१४ ची कर्जसवलत योजना कर्जदारासाठी होती. ज्याच्या नावावर कर्जच नव्हते, ज्याच्यापाशी केवळ परवाना आणि दोन हात होते, तो कोणत्या योजनेत बसणार? लांब पल्ल्याचा सल्ला आज मुख्यतः त्यालाच दिला जात आहे.

मालकालाही तो सल्ला सहजासहजी मानता येणार नाही, कारण त्याच्या दारातील वाहन या धंद्याचे नव्हे. टिपर हा खनिज ओतण्यासाठी बांधलेला. औषधांची खोकी किंवा यंत्रांचे सुटे भाग त्यातून हैदराबादला नेता येत नाहीत. शिवाय राष्ट्रीय परवान्यासाठी वाहनाच्या वयाची अट आहे: साधा ट्रक बारा वर्षांहून जुना चालत नाही, बहुआसी वाहन पंधरा वर्षांपर्यंत चालते. भरभराटीच्या काळात, म्हणजे २००८ ते २०११ दरम्यान घेतलेल्या साध्या ट्रकची ही मुदत २०२३ पर्यंत संपून गेली. याचा अर्थ, नव्या धंद्याला नवे वाहन आणि नवे कर्ज हवे. एकदा कर्जात पोळलेल्या घराला दुसऱ्यांदा बँकेची पायरी चढायला सांगणे सोपे नाही.

चालकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दहा टनांचा टिपर मागे घेणारा माणूस चाळीस फुटी कंटेनर जोडलेला ट्रेलर मागे घेऊ लागला की त्याची जन्मभराची सवय उलटी पडते. ट्रेलरचे मागचे टोक स्टिअरिंगच्या विरुद्ध दिशेने जाते, आणि वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतून कापतात. घाटाचीही तीच कथा. साखळी-केरीतून चोर्ल्याचा घाट डिचोलीकराला घरचा वाटतो. परंतु दुचाकीवरून जाणे वेगळे आणि पंचवीस टन पाठीशी घेऊन उतरणे वेगळे. उतारावर ब्रेक दाबत राहणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होतात. वरूनच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर वाहन आवरायचे असते, आणि हे पुस्तक वाचून येत नाही. अनमोडच्या घाटात जुलै २०२५ मध्ये रस्ता खचला आणि जड वाहने अडली. अशा वेळी कोणता घाट उघडा आहे, वळसा किती पडेल, डिझेलचा हिशेब कोणाच्या अंगावर येईल, हे ठरविणे चालकाच्याच माथी येते.

घाटापलीकडे आणखी एक जग आहे, ते कागदांचे आणि दलालांचे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. नाक्यावरच्या रांगा कमी झाल्या हे खरे; पण बिलाची मुदत वाटेत संपली तर दंडाची टांगती तलवार असतेच. जाताना माल मिळतो. खरा प्रश्न परतीच्या भाड्याचा. गोव्याबाहेर माल जातो त्यापेक्षा भाजी, धान्य, सिमेंट, लोखंड असा येणारा माल अधिक. म्हणून येथे येणारा ट्रक रिकामा परतू नये यासाठी वाटेल त्या दराने माल उचलतो, आणि येथून निघणाऱ्या नव्या गोमंतकीय वाहतूकदाराला त्याच पडलेल्या दराशी टक्कर द्यावी लागते. वाहतूक अड्ड्यावर ओळख नसलेल्याला तीन-तीन दिवस मालाची वाट पाहावी लागते, आणि त्या तीन दिवसांचा भत्ता कोणी देत नाही.

आता तासांचा विचार करू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. लांब पल्ल्यासाठी दहा व चोपन्न तासांची मुभा होती. पाच तासांनंतर अर्धा तास विसाव्याची सक्ती होती. कायदा चांगला होता, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एक-दोन ट्रकांचा मालक त्यातून मोकळा, आणि गोव्यातील बहुतेक मालक याच वर्गातील! तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला असून संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. छोट्या मालकाचा चालक तिच्या छत्राखाली प्रत्यक्षात किती येतो, हे राज्याच्या कामगार खात्याने लोकांना समजेल अशा मराठी-कोंकणीत सांगावे. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्या आपल्या माणसांना तिकडची रीत ठाऊक असेल. तेथे साडेचार तास चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावे लागते, सामान्यतः दिवसाला नऊ तासांपलीकडे चालविता येत नाही, आणि याची नोंद ट्रकमधील यंत्रच करते. आपल्याकडे नोंद होते ती माल किती वाजता पोहोचला याची. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान डोळा लागला तर तो दोष चालकाचा.

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी वाहने उभी केली, ती अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली म्हणून. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आले. पळून जाणे समर्थनीय नाही. पण परमुलखात, भाषा न येणाऱ्या गावात, जमावाच्या तावडीत सापडण्याचे भय काय असते हे ज्या चालकाचे सारे आयुष्य दहा किलोमीटरांच्या ओळखीच्या रस्त्यावर गेले त्याला आधी सांगावयास हवे.

पेडण्याची स्थिती निराळी आहे. तेथे खाणीचा पूर्वानुभव नाही, पण महामार्ग दारातून जातो. पत्रादेवीला, जेथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या हुतात्मा स्मारकापासून जवळच आज देशभरच्या क्रमांकांचे ट्रक सीमा ओलांडतात. त्यांत गोव्याचा क्रमांक शोधावा लागतो. तोर्से, धारगळ, वारखंडचा तरुण हे ट्रक लहानपणापासून पाहतो, परंतु ते चालविणारा माणूस आपल्यापैकी असू शकतो असे त्याला वाटत नाही. त्याचे डोळे विमानतळावरील नोकरीकडे किंवा टॅक्सीकडे. जानेवारी २०२३ मध्ये मोपेहून विमाने उडू लागली. जमिनी गेलेल्या प्रत्येक घराला तेथे सामावून घेतले जाईल ही कल्पना तेव्हाही खरी नव्हती. घरच्यांचाही सूर ओळखीचा आहे: सरकारी खात्यात शिपाई झाला तरी चालेल, पण ड्रायव्हर नको. चवथीला जो मुलगा नागपूरच्या बाहेर कोठेतरी टायर बदलत असेल, त्याला मुलगी कोण देणार, असे आया विचारतात. या प्रश्नाची आम्ही थट्टा करणार नाही.

तरीही ज्याला या धंद्यात जायचे आहे त्याच्या मागे कोणीतरी उभे राहिले पाहिजे. वीस वर्षे वय भरल्याशिवाय मालवाहू वाहन चालविता येत नाही आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर आधी हातात असावा लागतो. म्हणजे शाळा सुटल्यापासून दोन वर्षे मुलगा रिकामा. ही दोन वर्षे शिकण्यात का जाऊ नयेत? १९८० पासून कदंब महामंडळाच्या गाड्या घाटांतून शेजारच्या राज्यांत जात आहेत. त्यांच्या निवृत्त चालकांपेक्षा चांगले शिक्षक शोधूनही सापडणार नाहीत. डिचोलीत बंद खाणींचे रुंद रस्ते आणि चढउतार पडून आहेत. मालकी आणि न्यायालयीन अडचणी नसतील तेथे ट्रेलरचा सराव घेता येईल. शिकाऊ चालकाला पहिले सहा महिने अनुभवी चालकाच्या जोडीने पाठवावे, एकट्याला नव्हे, आणि नेमणूक तोंडी न होता कागदावर व्हावी. त्यात भत्ता, रिकाम्या दिवसांची मजुरी, विमा आणि सणाची रजा लिहिलेली असावी. पेट्रोल कंपन्यांनी 'अपना घर' नावाने ट्रकचालकांसाठी विश्रांतिगृहे काढली आहेत. तसे एक पेडणे तालुक्यात धारगळ-पत्रादेवी दरम्यान व्हावे, म्हणजे रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर दुचाक्या आदळणे तरी थांबेल.

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णे या मार्गावर भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवरून नेण्याची सोय केली. ट्रक रेल्वेवर, चालक ट्रकमध्ये झोपलेला, आणि घाट, वळणे व निसरडा रस्ता या साऱ्यांतून सुटका. गोव्यातील नव्या वाहतूकदारांना पहिले वर्षभर या सेवेच्या भाड्यात राज्याने सवलत दिली तर तिजोरीवर फार मोठा भार पडणार नाही. ट्रकमालकांच्या संघटना दराच्या वाटाघाटींसाठी आजवर अनेकदा सरकारकडे गेल्या. पुढच्या वेळी जातील तेव्हा मागण्यांच्या यादीत चालकाच्या नेमणूकपत्राची आणि या सवलतीची मागणी असावी, एवढे आम्ही त्यांना आजच सांगून ठेवतो.